जुन्या गाडीतील गंजलेले आणि तुटलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टड: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे जळालेला वायू इंजिनातून बाहेर नेणारा नळांचा जोड. तो इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे सिलिंडर हेडला, स्टडने (एक टोक हेडमध्ये बसवलेल्या आणि दुसऱ्या टोकाला नट लागणाऱ्या आट्यांच्या दांड्यांनी) आवळलेला असतो. या सांध्यातले गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारा पातळ थर, बदलणे हे कागदावर अर्ध्या दिवसाचे काम आहे. आठ-दहा नट सोडायचे, मॅनिफोल्ड बाजूला घ्यायचे, नवे गॅस्केट लावायचे आणि पुन्हा कसायचे. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत मात्र यातला पहिला नटच अख्खा दिवस खाऊ शकतो, आणि घाईने पान्यावर जोर दिला तर स्टड हेडच्या तोंडाशी तुटून काम कितीतरी पटींनी वाढते. पुढे सांगितलेल्या बहुतेक युक्त्या कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला ठाऊक असतात; त्या कोणत्या क्रमाने वापरायच्या हे मात्र नवख्याला सहसा कोणी नीट सांगत नाही. माझा भर त्या क्रमावर आहे. प्रत्येक टप्प्यावर असा उपाय निवडावा, की तो फसला तरी त्याच्या पुढचा उपाय हाताशी शिल्लक राहील.

स्टड का तुटतात, हे आधी समजून घ्या

नुसता गंज हे अर्धेच कारण आहे. भार पडताना मॅनिफोल्ड पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापू शकते, तर सिलिंडर हेड कूलंटमुळे बरेच थंड राहते. अर्धा मीटर लांबीचे बिडाचे मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापले, तर ते जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरने लांबते. अॅल्युमिनियम तापमानाच्या प्रत्येक अंशाला बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते हे खरे, पण हेड मुळात फारसे तापत नसल्याने ते एवढे लांबत नाही. हा फरक टोकांकडे साठत जातो आणि तिथले स्टड दर वेळी आडवे ओढले जातात. म्हणूनच तुटलेला स्टड बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या सिलिंडरपाशी सापडतो. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनांत अगदी मागचे बोल्ट तुटणे आणि फोर्डच्या ५.४ लिटर ट्रायटन इंजिनांत स्टड तुटणे हे प्रकार या कारणाने प्रसिद्ध आहेत.

गंजाचे काम वेगळे आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट ठासून भरते. तापणे आणि निवणे यांनी तो अधिक घट्ट बसत जातो, आणि त्याच वेळी नट आणि हेड यांच्यामधला स्टडचा भाग झिजून बारीक होतो. थोडक्यात, आट्यांची पकड वर्षागणिक वाढते आणि स्टडची ताकद वर्षागणिक घटते. नुसत्या जोराने हा सामना जिंकता येत नाही, याचे कारण हेच.

१. दोष खरोखर इथलाच आहे, याची खात्री करून घ्या

थंड इंजिन सुरू केल्यावर टक-टक किंवा फुस-फुस असा आवाज यावा आणि इंजिन तापल्यावर तो कमी व्हावा, हे मॅनिफोल्ड गळत असल्याचे ठळक लक्षण आहे. तापल्यावर मॅनिफोल्ड फुगून फट काही प्रमाणात बंद होते, म्हणून आवाज मावळतो. या आवाजाची टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाच्या) आवाजाशी सहज गल्लत होते. टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर काळ्या काजळीचे फराटे दिसतात का ते पाहा. फराटा जिथे आहे तिथेच गळती आहे. तसेच प्रत्येक स्टडजवळ आरसा धरून नट मोजा, कारण स्टड आधीच तुटून नटासकट कुठेतरी पडून गेलेला असू शकतो.

गळतीकडे काणाडोळा करू नये. गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि तो हीटरच्या हवेबरोबर केबिनमध्ये शिरू शकतो. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असली, तर वायूच्या ठोक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि संगणक विनाकारण जादा इंधन सोडतो. तपासणीसाठी इंजिन चालवायचे ते मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये दार अर्धे उघडे ठेवून चालवणे पुरेसे नाही.

२. साहित्य आणि कागद

सर्वात आधी गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. त्यात चार गोष्टी शोधायच्या आहेत: स्टडचा आकार आणि आट्यांचे अंतर, कसण्याचा टॉर्क (पिळाचा जोर), कसण्याचा क्रम, आणि स्टडची भोके आंधळी (बुड बंद असलेली) आहेत की कूलंटच्या पोकळीत उघडतात. शेवटची माहिती बहुतेक जण पाहत नाहीत आणि स्टड निघताच कूलंटची धार अंगावर घेतात. भोक पोकळीत उघडत असेल, तर कूलंट आधीच काढून ठेवावे लागते आणि नवा स्टड आट्यांना सीलंट लावूनच बसवावा लागतो.

हत्यारांपैकी पुढील वस्तू काम सुरू करण्याआधीच जवळ असाव्यात:

- षट्कोनी, म्हणजे सहा कोपऱ्यांची सॉकेट. बारा कोपऱ्यांचे सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे हमखास गोल करते.
- लांब आणि आखूड एक्स्टेंशन, एक लवचीक सांधा, टॉर्क रेंच.
- गंज सोडवणारे पेनिट्रेटिंग ऑइल, वायर ब्रश, लहान हातोडी.
- व्हाइस ग्रिप पक्कड आणि रोलरची पकड असलेला स्टड काढणारा एक्स्ट्रॅक्टर.
- नट चिरणारे हत्यार, म्हणजे नट स्प्लिटर.
- सेंटर पंच, बारीक कानस, चांगल्या प्रतीची ड्रिल बिट आणि शक्य असल्यास उलट्या फिरकीची ड्रिल बिट.
- आटे पाडणारा योग्य आकाराचा टॅप, आणि आटे साफ करणारा चेझर.
- नवे स्टड, नवे नट, नवे गॅस्केट, निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट.
- डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, हातमोजे, अग्निशामक.

स्टड सगळेच्या सगळे बदलायचे, असे आधीच ठरवून तेवढे आणून ठेवा. एक तुटला म्हणजे बाकीच्यांनीही तेवढीच वर्षे तेवढीच उष्णता सोसलेली असते.

डब्ल्यूडी-४० च्या नेहमीच्या डब्याविषयी एक खुलासा करतो. त्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे पाणी हटवण्यासाठी आहेत, आणि ते द्रव्य मुळात त्यासाठीच बनवलेले आहे. हलक्या गंजाला ते चालते. मॅनिफोल्डच्या स्टडसाठी मात्र खास पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून विकले जाणारे द्रव्यच घ्यावे.

३. भिजवा, आणि थांबा

काम करायच्या निदान एक दिवस आधी सुरुवात करा. दोन-तीन दिवस मिळाले तर उत्तमच. प्रथम स्टडच्या नटाबाहेर आलेल्या आट्यांवरून वायर ब्रश फिरवून सुटी खपली काढा, नाहीतर तेल खपलीतच जिरते. मग इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा आणि मॅनिफोल्डला हात लावता येईल इतके निवू द्या. कोमट धातूवर तेल पातळ होऊन फटीत लवकर शिरते. तापलेल्या मॅनिफोल्डवर मात्र ते कधीही फवारू नका. यातली बहुतेक द्रव्ये ज्वालाग्राही असतात.

तेल नटाच्या दोन्ही बाजूंना लागले पाहिजे: बाहेरच्या आट्यांवर, आणि नट जिथे मॅनिफोल्डला टेकतो त्या कडेवर. त्यानंतर स्टडच्या टोकावर सरळ रेषेत लहान हातोडीने हलके ठोके द्या. जोराचे घाव टोक चेपतात आणि मग नट तिथेच अडकतो. ठोका एवढाच हवा, की धातू थरथरेल आणि गंजाला बारीक तडे जातील. हे सकाळ-संध्याकाळ करत राहिल्यावर नटाच्या कडेने तांबूस तपकिरी रंगाचे तेल पाझरताना दिसू लागते. तेल आत पोहोचून गंज बाहेर आणत असल्याची ती खूण आहे. ते जर फवारले तसेच स्वच्छ राहिले, तर अजून एक दिवस द्या.

अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड समप्रमाणात मिसळून घरी केलेले मिश्रणही बरेच जण वापरतात. ते काम करते, परंतु अॅसिटोन झपाट्याने पेट घेते आणि रंग व प्लास्टिक खराब करते, म्हणून ज्योतीच्या टप्प्याच्या आधी ते पूर्ण उडून जाऊ द्यावे लागते.

४. नट सोडताना हाताला काय जाणवते, त्याकडे लक्ष द्या

सॉकेट नटावर पूर्ण बसवा. गंजाने नट बारीक झाला असेल आणि सॉकेट हलत असेल, तर एक आकार लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवा. १३ मिलिमीटरच्या नटावर अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे सॉकेट अशा वेळी चपखल बसते.

पहिला जोर किंचित कसण्याच्या दिशेने द्या. त्याने गंजाची पकड एका बाजूने तुटते. नंतर सोडण्याच्या दिशेने हळूहळू, वाढत्या दाबाने वळवा. झटके देऊ नका. एम८ आकाराचे (८ मिलिमीटर व्यासाचे) स्टड बहुधा २० ते २५ न्यूटन मीटरला कसलेले असतात, आणि ८.८ या ताकदीच्या दर्जाचा धडधाकट एम८ स्टडसुद्धा ३५ ते ४० न्यूटन मीटरच्या आसपास पिळवटून तुटू शकतो. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सात-आठ किलोंचा भार दिला, की तेवढा जोर सहज होतो. पान्याला पाइप जोडून लांबी वाढवण्याचा मोह का टाळायचा, ते यावरून कळेल.

सुटणारा नट आणि तुटणारा स्टड यांतला फरक हाताला कळतो. नट सुटताना एक कोरडा ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि पाना एकदम थोडा पुढे जातो. स्टड पिळवटत असेल तेव्हा आवाज येत नाही. पाना मऊपणे, रबर ताणल्यासारखा फिरू लागतो आणि सोडला तर किंचित मागे येतो. हा मऊपणा जाणवताच थांबा. पुन्हा तेल घाला, पुन्हा ठोके द्या, दुसऱ्या दिवशी या, किंवा पुढच्या टप्प्याकडे वळा. हे एक लक्षण ओळखता आले तरी निम्मे स्टड वाचतात.

नट हलला, की लगेच पूर्ण काढू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत कसा, तेल घाला, अर्धा फेरा सोडा. सुटलेला गंज आट्यांत दाबला जाऊन नट मध्येच पुन्हा जाम होतो, आणि अनेक स्टड पहिल्या हालचालीनंतर या बेफिकिरीने तुटतात. नटाबरोबर अख्खा स्टडच फिरून बाहेर येत असेल, तर त्याला अडवू नका. तुमचे दोन टप्प्यांचे काम एकात झाले.

५. उष्णता: कुठे द्यायची, कुठे नाही

तेलाने भागले नाही, तर उष्णता. ज्योत लावण्याआधी इंधनाच्या नळ्या, वायरी, रबरी होज आणि सांडलेले तेल यांची काळजी घ्या, सेन्सरच्या वायरी सोडवून बाजूला बांधा, आणि अग्निशामक पायाशी ठेवा. तेलाने माखलेली जागा आधी कोरडी पुसून घ्यावी. जवळ ज्वालाग्राही काही असेल आणि ते हलवता येत नसेल, तर विजेच्या वेटोळ्याने नट तापवणारा इंडक्शन हीटर वापरावा. तो महाग असला तरी त्याला ज्योत नसते.

नट सोडायचा असेल तर उष्णता नटाला द्या. नट फुगतो, भोक मोठे होते, आणि तो गरम असतानाच फिरवायचा असतो. स्टड हेडमधून काढायचा असेल तर गणित वेगळे आहे: स्टड तापवून फुगवायचा, त्याने भोवतालचा गंज चिरडायचा, आणि तो निवू देऊन मगच फिरवायचा. निवत असताना स्टडच्या बुडाशी मेणबत्तीचे मेण टेकवले, तर ते वितळून आट्यांत खोलवर शोषले जाते आणि वंगणाचे काम करते. ही जुनी युक्ती पाहायला साधी वाटते, पण बिडाच्या हेडवर तिने मला बऱ्याच महागड्या तेलांपेक्षा चांगला गुण दिला आहे.

अॅल्युमिनियमच्या हेडवर फार सांभाळून. शुद्ध अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते, हेडची मिश्रणे त्याहून कमी तापमानाला, आणि वितळण्याआधी ती लोखंडासारखी लाल होत नाहीत. डोळ्यांना काही कळण्याआधी कडा ओघळलेली असते. अशा हेडवर ज्योत नटापुरतीच ठेवा.

६. नट द्या, स्टड वाचवा

उष्णतेनंतरही नट हलत नसेल, तर नट कापा. स्प्लिटर बसत असेल तर त्याने, नाहीतर बारीक कटिंग चकतीने नटाच्या एका बाजूला उभा चर पाडून छिन्नीने तो फोडा. चर स्टडच्या आट्यांपर्यंत नेऊ नका. नवखे लोक इथे कचरतात, कारण चांगला दिसणारा नट कापणे त्यांना वाया घालवल्यासारखे वाटते. नट बाजारात कुठेही मिळतो. हेडमधून बाहेर आलेला स्टडचा प्रत्येक मिलिमीटर मात्र पुढे पकड घ्यायला उपयोगी पडणार असतो, आणि तो विकत मिळत नाही.

सगळे नट निघाले की मॅनिफोल्ड सरळ बाहेर ओढा. एका बाजूने उचकटू नका. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे चिकटलेले तुकडे कोरडे घासू किंवा हवेने उडवू नका. पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या खरवडणीने काढा आणि पिशवीत बंद करा. मॅनिफोल्ड निघताच हेडची एक्झॉस्ट पोर्ट स्वच्छ फडक्याने बंद करा. कीस आत गेला तर तो व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत पोहोचतो.

७. स्टड बाहेर डोकावत असेल, तर

आता प्रत्येक स्टड किती बाहेर आहे ते पाहा. आटे शाबूत असलेल्या स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड फिरवा. आटे गेले असतील तर रोलरचा एक्स्ट्रॅक्टर वापरा. जितका जोर तितकी त्याची पकड वाढते. व्हाइस ग्रिप पक्कड त्यानंतर, कारण ती घसरली की स्टड घासून गुळगुळीत होतो आणि मग त्यावर दुसरे काहीच पकड घेत नाही. इथेही आधीचाच नियम: थोडे कसणे, थोडे सोडणे, तेल, आणि हाताला मऊपणा लागताच थांबणे.

८. हेडच्या पातळीवर तुटलेला स्टड: आधी वेल्डिंग

स्टड अगदी पातळीवर किंवा किंचित आत तुटला असेल, तर माझे पहिले प्राधान्य वेल्डिंगला आहे, ड्रिलला नाही. वेल्डिंग फसले तर पुन्हा करता येते आणि शेवटी ड्रिलचा मार्ग उघडाच राहतो. ड्रिल वाकडे गेले तर वेल्डिंगचाही मार्ग बंद होतो.

तुटलेले तोंड ब्रशने चकचकीत करा. मिग वेल्डरने मध्यभागी थोडा धातू भरून उंचवटा तयार करा, त्यावर वॉशर ठेवून आतून वेल्ड करा, आणि वॉशरवर एक आकार मोठा नट ठेवून तो आतून भरून टाका. एम८ स्टडसाठी एम१० चा नट सोयीचा पडतो, कारण त्यात वेल्डिंग टॉर्चचे टोक शिरते. अॅल्युमिनियमला पोलादी वेल्ड धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटण्याची भीती तिथे कमी असते. बिडाच्या हेडवर मात्र वेल्ड भोकाच्या कडेबाहेर जाऊ देऊ नका. वेल्ड केल्यावर लगेच फिरवायला जाऊ नका. लाली जाऊन नट नुसता गरम राहीपर्यंत थांबा, मग पुढे-मागे हलवत काढा. नट उपटून आला तर पुन्हा लावा. दोन-तीनदा लावावा लागणे यात काही विशेष नाही, आणि प्रत्येक वेळच्या उष्णतेने गंज थोडा अधिक सैल होतच असतो.

इथे तीन धोके आहेत. बॅटरीची ऋण तार काढून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा, अन्यथा करंट इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढू शकतो. जस्ताचा मुलामा असलेला नट वापरू नका. त्याचा धूर विषारी असतो. आणि सर्वात महत्त्वाचे: वेल्डिंगच्या जागी क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका. त्यातल्या द्रव्यांपासून वेल्डिंगच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी फॉस्जीन नावाचा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. जागा साफ करायला अॅसिटोन घ्या आणि ते पूर्ण वाळल्यावरच वेल्डर सुरू करा.

९. ड्रिल करावेच लागले, तर

या टप्प्यात सगळे यश मध्यबिंदूवर अवलंबून आहे. तुटलेले तोंड क्वचितच सपाट असते, आणि उतारावर ठेवलेले बिट उताराकडे सरकते. म्हणून आधी कानशीने किंवा लहान ग्राइंडरने तोंड सपाट करा. मध्य काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मॅनिफोल्डच परत उरलेल्या स्टडवर बसवणे आणि त्याच्या भोकात नेमके बसेल असे, मध्ये ३ मिलिमीटर भोक असलेले बुशिंग टाकणे. ते नसेल तर पंच मारा, भिंगातून चारही बाजूंची अंतरे तपासा, चूक असेल तर पंच तिरका धरून खूण सरकवा. पंचाला दिलेली दहा मिनिटे पुढचे कित्येक तास वाचवतात.

खोली ठरवण्यासाठी शेजारच्या रिकाम्या भोकात काडी घालून माप घ्या आणि बिटावर चिकटपट्टीची खूण करा. आंधळ्या भोकाच्या बुडापलीकडे गेलात तर कूलंटची पोकळी फुटू शकते. कमी वेगाने, कटिंग ऑइल घालत, एम८ साठी ३, मग ५, मग साडेसहा मिलिमीटर असे वाढत जा. उलट्या फिरकीचे बिट असेल तर ड्रिल उलटे चालवा. पोखरलेला स्टड बरेचदा बिटाला धरून आपणच बाहेर येतो.

निघणाऱ्या किसाकडे सतत लक्ष ठेवा. पोलादी स्टड चमकदार, कुरळी तार देतो. अॅल्युमिनियमचा कीस पांढरट, हलका आणि मऊ असतो. बिडाचा काळसर भुगा पडतो. किसाचा रंग बदलला, की बिट स्टड सोडून हेडमध्ये शिरले आहे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये हे लवकर घडते, कारण बिटाला कठीण पोलादापेक्षा शेजारचा मऊ धातू सोपा असतो.

निमुळत्या, उलट आट्यांच्या स्क्रू एक्स्ट्रॅक्टरविषयी माझे मत कडक आहे: या कामात तो वापरू नये. जो स्टड आपल्या पूर्ण जाडीने फिरला नाही, तो त्याच्या आत बसणाऱ्या बारीक दांड्याने फिरेल ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय निमुळता असल्याने तो स्टडच्या भिंती बाहेर दाबतो आणि पकड आणखी वाढवतो. तो आत तुटला, तर ते कठीण पोलाद साध्या बिटाने कापले जात नाही. कार्बाइडची हत्यारे, नाहीतर मशीन शॉपमधील स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणे), एवढेच मार्ग उरतात. बिट वाकडे जात असेल, जागा इतकी अडचणीची असेल की ड्रिल सरळ धरताच येत नसेल, किंवा आत कठीण हत्यार तुटले असेल, तर तिथेच थांबून हेड मशीन शॉपकडे द्या.

१०. आटे आणि पृष्ठभाग

पोखरून उरलेली आट्यांची पातळ कडी टोकदार हुकाने ओढून काढा. चेझर फिरवून आटे साफ करा. कापणारा टॅप शक्यतो वापरू नये, तो चांगल्या आट्यांचाही धातू नेतो. टॅप वापरावाच लागला तर त्याला ग्रीस लावा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवा. एम८ × १.२५ (१.२५ हे आट्यांचे अंतर) साठी टॅपआधीचे भोक ६.८ मिलिमीटर, एम१० × १.५ साठी ८.५ मिलिमीटर असते.

आटे गेलेच असतील तर आट्यांची तार (नवे आटे देणारे तारेचे वेटोळे) किंवा भरीव बुशाचे इन्सर्ट बसवावे लागते. एम८ च्या तारेसाठी साधारण ८.३ मिलिमीटरचे भोक आणि तिचा स्वतःचा खास टॅप लागतो. टोकाच्या स्टडसाठी मी भरीव बुश निवडीन, कारण आडवी ओढ तिथे सर्वांत जास्त असते.

मग हेडवर आणि मॅनिफोल्डवर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजणाऱ्या पातळ पात्या) घाला. मॅन्युअलमधील मर्यादेपलीकडे वाकलेले मॅनिफोल्ड घासून सपाट करून घ्या. वाकडे मॅनिफोल्ड नट आवळून सरळ करायला जाणे म्हणजे नवे स्टड तुटण्याची सोय आहे. टोकाची भोके स्टडवर अडत असतील, तर ती किंचित लांबट करून घेतात, म्हणजे मॅनिफोल्डला सरकायला वाव राहतो. मात्र गॅस्केट आणि नटाची बैठक भोक पूर्ण झाकते ना, ते आधी पाहा.

११. नवे स्टड बसवणे

हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही. त्याच्यावर कोरलेला दर्जा नेहमीच्या तापमानाचा असतो. उत्पादकाने दिलेल्या किंवा त्याच दर्जाच्या उष्णतारोधक पोलादाच्या स्टडना प्राधान्य द्या. स्टेनलेस गंजत नाही म्हणून मोहक वाटते, परंतु त्याचे आटे एकमेकांत चिकटून जाम होण्याची खोड मोठी आहे आणि ते साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरणही पावते. नट तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी घ्या. पुढच्या वेळी तेच सुटतील.

आट्यांवर निकेलयुक्त अँटी-सीझचा पातळ थर लावा, ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला ती लागू देऊ नका. स्टड हाताने बुडापर्यंत फिरवून बसवा. हेडमध्ये जोर लावून ठासू नका. गॅस्केटवर सीलंट नको. सर्व नट हाताने लावल्यावर मधून सुरुवात करून टोकांकडे जात, दोन-तीन टप्प्यांत पूर्ण टॉर्कपर्यंत कसा. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल, तर वंगण लावलेल्या आट्यांना तो साधारण २० ते २५ टक्क्यांनी कमी करावा लागतो. पेस्टच्या डब्यावर नेमकी सूचना असेल तर ती पाळा.

१२. पहिली सुरुवात

उष्णतारोधक पत्रे परत बसवा, वायरी मॅनिफोल्डपासून दूर बांधा, कूलंट काढले असेल तर भरून हवा काढा. इंजिन मोकळ्या हवेत सुरू करा. सांडलेल्या तेलाचा थोडा धूर काही वेळ येतो. तो वाढत गेला तर इंजिन बंद करून कारण शोधा. सांध्याभोवती कान देऊन ऐका. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना पुन्हा सुरू करून ऐका, कारण गळती असली तर ती याच वेळी बोलते. तापण्या-निवण्याच्या काही फेऱ्यांनंतर, मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर, थंड इंजिनावर त्याच क्रमाने टॉर्क पुन्हा तपासा, आणि टोकाचे दोन नट सर्वांत आधी पाहा.